नोंदवहीचा राखणदार

घरात कोणास ताप आला म्हणजे डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, आणि ती चिठ्ठी घेऊन आपणांपैकीच एखादा मुलगा कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानात धावत जातो. दुकानातील गृहस्थ चिठ्ठी वाचतात, फळीवरून एक पाकीट काढतात, सकाळ-संध्याकाळची खूण करून देतात, आणि मुलगा पैसे मोजून घरी परततो. पुढे तेच औषध, कोणताही प्रश्न न विचारता, धाकट्या भावंडाच्या मुखात घातले जाते. विद्यार्थिमित्रांनो, या नित्याच्या गोष्टीकडे क्षणभर निरखून पाहा. भाजी घेताना आपल्या माता ती चार वेळा खालीवर करून पाहतात. मडके घेताना ते वाजवून पाहतात. परंतु औषध मात्र आपण न पारखता घेतो. पारखू म्हटले तरी आपणांस ते साधणार नाही. त्या पांढऱ्या गोळीत काय आहे आणि किती आहे, हे डोळ्यांस दिसत नाही व जिभेस कळत नाही. येथे आपला सारा विश्वास ती गोळी देणाऱ्या मनुष्यावर असतो.

वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एके दिवशी आम्हांस विचारले, "सर, औषध देणारा मनुष्य त्या कामास लायक आहे, हे कोण ठरवितो? आणि जो ठरवितो, त्याने आपले काम चोख केले नाही तर काय होते?" प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले, उत्तरार्धाचे मात्र अर्धवटच दिले. तो विद्यार्थी आता औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमास गेला आहे. त्याचे राहिलेले उत्तर या वार्षिकाच्या पानांतून द्यावे, आणि त्याच्या निमित्ताने एका फारशा न दिसणाऱ्या अधिकारपदाची ओळख सर्वांसच करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

प्रथम आपल्या देशातील व्यवस्था पाहू. एके काळी औषधे मिसळून देण्याचे काम दवाखान्यातील कंपाउंडर करीत असे. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो डोसाच्या खुणा करी. ते दृश्य आपल्या आजोबांच्या स्मरणात असेल. त्यांच्यात अनुभवी व सचोटीची माणसे पुष्कळ होती. परंतु कोण शिकलेला व कोण केवळ पाहून पाहून तयार झालेला, हे रोग्यास कळण्याचा मार्ग नव्हता. सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांविषयी एक चौकशी समिती नेमली व तिचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. औषधांवर आणि ती तयार करून देणाऱ्यांवर कायद्याचे नियंत्रण असावे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९४० साली औषधांविषयीचा कायदा झाला, आणि १९४८ साली ती देणाऱ्या माणसांविषयीचा, म्हणजे फार्मसीचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक राज्यात एक परिषद स्थापावी असे ठरविले. तिचे काही सभासद नोंदलेल्या औषधनिर्मात्यांनी निवडून द्यावयाचे, काही सरकारने नेमावयाचे, आणि काही आपापल्या अधिकारपदामुळे तिच्यावर यावयाचे. या परिषदेपाशी एक नोंदवही असते. जिचे नाव त्या नोंदवहीत आहे, तीच व्यक्ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्यास अधिकारी. डॉक्टरास स्वतःच्या रोग्याकरिता औषध देण्याची मोकळीक कायद्याने ठेवलेली आहे; इतरांस ती नाही.

आता परिषदेचे सभासद हे आपापल्या व्यवसायात गुंतलेले लोक. ते सभेपुरते एकत्र जमतात, ठराव करतात आणि आपापल्या गावी परततात. परंतु अर्ज तर रोज येतात, पत्रे रोज येतात, तक्रारीही रोज येतात. यासाठी कायद्याने परिषदेस एक निबंधक नेमण्याची मुभा दिली असून तोच तिचा चिटणीसही असावा असे म्हटले आहे. नोंदवही त्याच्या हाती असते. अर्जदार पात्र दिसला तर निबंधक त्याचे नाव नोंदवितो; अर्ज नाकारला तर अर्जदारास तीन महिन्यांच्या आत परिषदेकडे दाद मागता येते. येथे एक भेद ध्यानी धरावा. आपल्याकडे माणसाची नोंद परिषद करते, आणि दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. अमेरिकेतील संस्थानांत ही दोन्ही कामे बहुतांशी एकाच मंडळाकडे असतात.

त्या देशात पन्नास राज्ये असून प्रत्येक राज्याचे स्वतंत्र फार्मसी मंडळ आहे. एका राज्यात मिळालेली मान्यता दुसऱ्या राज्यात कशी पावावी, हा प्रश्न सोडविण्याकरिता या मंडळांनी १९०४ साली आपला एक राष्ट्रीय संघ स्थापन केला, व तो आजही चालू आहे. मंडळाच्या सभासदांची नेमणूक सामान्यतः राज्याचा गव्हर्नर करतो. त्यांत व्यवसायातील जाणते लोक असतात व सामान्य जनतेचे प्रतिनिधीही असतात. आणि आपल्याकडे जो निबंधक, त्याच्याच जातीचा परंतु त्याहून अधिक व्यापक जबाबदारीचा अधिकारी तेथे असतो. त्यास कार्यकारी संचालक म्हणतात. आमच्या लेखाचा नायक तो हाच.

त्याची कामे कोणती? पहिले काम नोंदवहीचे. नवशिक्या पदवीधराचा अर्ज आला म्हणजे त्याची पदवी खरी आहे काय, परीक्षा तो खरोखर उत्तीर्ण झाला आहे काय, दुसऱ्या राज्यात त्याच्यावर काही ठपका आहे काय, हे सर्व पडताळून पाहावयाचे. या कामात दोन प्रकारची पापे घडू शकतात. अपात्र माणसाचे नाव नजरचुकीने आत गेले, तर रोग्यांच्या जिवास अपाय. पात्र माणसाचा अर्ज दप्तरात महिनोन् महिने पडून राहिला, तर ज्याच्या बापाने कर्ज काढून त्यास शिकविले त्या मुलाचा पगार तितके महिने बुडाला. तेव्हा नोंदवही राखणाऱ्यास डोळा बारीक असावा लागतो आणि हात चपळ असावा लागतो.

दुसरे काम नूतनीकरणाचे. एकदा नाव नोंदले म्हणजे ते जन्माचे झाले, असे नाही. ठरावीक मुदतीने ते नवे करून घ्यावे लागते, आणि मधल्या काळात त्या मनुष्याने आपले ज्ञान वाढविले आहे काय, हेही पाहिले जाते. औषधे बदलत जातात. वीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर आजची चिठ्ठी वाचणे धोक्याचे असते.

तिसरे काम तपासणीचे व तक्रारींचे. संचालकाच्या हाताखाली तपासनीस असतात. ते दुकानांत व औषध तयार होते त्या खोल्यांत जाऊन स्वच्छता, साठा, नोंदी पाहतात. शिवाय टपालाने तक्रारी येतात. एका पत्रात लिहिलेले असते की अमुक दुकानदार उद्धटपणे बोलला. दुसऱ्यात लिहिलेले असते की माझ्या आईस दुसऱ्याच रोग्याचे औषध दिले. दोन्ही पत्रे एकाच थैलीतून, सारख्याच पाकिटांत, एकाच मेजावर येऊन पडतात. त्यांतील कोणते आजच उघडून, आजच तपासनीस धाडावयाचा, हे ठरविणे संचालकाच्या विवेकावर असते. आमच्या मते त्याच्या पदाचा सारा भार याच एका क्षणावर तोललेला असतो.

चौथे काम सभेचे. सभेपुढे कोणते विषय यावेत याची पत्रिका तयार करणे, प्रत्येक विषयाचे टिपण सभासदांस आगाऊ धाडणे, झालेल्या निर्णयाचे इतिवृत्त लिहिणे आणि तो निर्णय अंमलात आणणे. सभासदांस जे कागद मिळतील त्यांवरूनच ते न्याय करणार. जो कागद सभेपुढे आलाच नाही, त्याविषयी दहा शहाण्या सभासदांचे शहाणपणही निरुपयोगी. पाचवे काम बाहेरच्या जगाशी बोलण्याचे: दुसऱ्या राज्यांच्या मंडळांशी, विधिमंडळाशी, वकिलांशी, वृत्तपत्रांशी व लोकांशी.

इतके सारे करूनही या अधिकाऱ्यास एक गोष्ट करता येत नाही. स्वतःच्या मर्जीने कोणाचे नाव त्यास नोंदवहीतून खोडता येत नाही. तो अधिकार मंडळाचा, आणि मंडळासही आरोपीचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तो वापरता येत नाही. आपल्या १९४८ च्या कायद्यातही हीच रीत आहे. परिषदेच्या कार्यकारी समितीने त्या माणसास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावयाची. तिच्या हुकुमास परिषदेने मान्यता द्यावयाची. मान्यतेनंतरही तीन महिने तो हुकूम अंमलात यावयाचा नाही. आणि मध्यंतरी त्या माणसास राज्य सरकारकडे अपील करता यावयाचे. नाव खोडणे म्हणजे एका कुटुंबाची भाकरी काढून घेणे. ते सावकाश व विचारपूर्वकच झाले पाहिजे. परंतु शिक्षेस लागणारी ही सावकाशी चौकशीत शिरली, तर अनर्थ होतो. शिक्षा करण्यास सावकाश आणि चौकशी करण्यास तत्पर, असे या पदाचे सूत्र आम्ही सांगू.

हे सूत्र मोडले तर काय होते, ते २०१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसून आले. ती हकीकत आता सांगतो.

तेथील फ्रेमिंगहॅम या गावी न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची एक संस्था होती. कंपाउंडिंग म्हणजे चिठ्ठीबरहुकूम औषध मिसळून तयार करणे. आमच्या जुन्या कंपाउंडराचेच काम. एखाद्या रोग्यास बाजारात तयार मिळणारे औषध सोसत नाही, किंवा लहान मुलाकरिता त्याचे प्रमाण कमी करावयाचे असते, तेव्हा या कलेची गरज पडते. यात एका चिठ्ठीवर एका रोग्याकरिता एक औषध, हा नियम असतो. हजारो कुप्या एकदम भरून देशभर विकणे हे औषधांच्या कारखान्याचे काम होय. कारखान्यावर मध्यवर्ती सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाची कडक देखरेख असते; चिठ्ठीवर औषध करणाऱ्या फार्मसीवर मुख्यतः राज्याच्या मंडळाची. वरील संस्थेने परवाना फार्मसीचा घेतला होता आणि धंदा कारखान्याचा चालविला होता. नियमास रोग्यांची नावे लागत. तेव्हा पुढे सरकारने केलेल्या आरोपांत असे होते की, काही मागण्यांवर रोग्यांची नावे चक्क कल्पित घातलेली होती. विद्यार्थ्यांनो, खऱ्या नावांची वही राखणे हे जेथे एका अधिकाऱ्याचे काम, तेथे दुसरीकडे खोट्या नावांची यादी रचली जात होती, हा योग पाहा.

या संस्थेविषयी कागाळ्या काही नव्या नव्हत्या. २००२ पासून तिची तपासणी व तिच्याशी पत्रव्यवहार चालू होता; २००६ साली मध्यवर्ती प्रशासनाने तिला ताकीदही दिली होती. कोलोरॅडो हे राज्य मॅसॅच्युसेट्सपासून पुष्कळ दूर, पर्वतांच्या बाजूस आहे. तेथील फार्मसी मंडळाने २०११ च्या एप्रिलात या संस्थेस आपल्या हद्दीतील बेकायदा व्यवहार बंद करण्याचा हुकूम दिला. तरीही पुढील वर्षी तेथील रुग्णालयांत तिच्या कुप्या, रोग्याच्या नावाची चिठ्ठी नसता, घाऊक येत असल्याचे आढळले. तेव्हा २०१२ च्या जुलैच्या अखेरीस ही तक्रार मॅसॅच्युसेट्सच्या मंडळाच्या संचालकाकडे धाडण्यात आली. दूरच्या राज्याने आपले कर्तव्य केले; पत्र योग्य मेजावर येऊन पोहोचले.

त्या मेजावर पुढे काय झाले? संचालकाने ते मंडळाच्या वकिलाकडे पाठविले, आणि तेथे ते थांबले. चौकशीचा हुकूम निघाला नाही. तपासनीस गेला नाही. आपल्याकडे ज्यास भिजत घोंगडे म्हणतात, तसे ते प्रकरण पडून राहिले.

इकडे संस्थेत काम चालूच होते. पाठीच्या दुखण्यावर मणक्याजवळ टोचण्याच्या एका औषधाचे तीन घाणे तिने त्या वर्षी काढले होते. एक मे महिन्यात, एक जूनच्या अखेरीस, आणि तिसरा १० ऑगस्ट रोजी, म्हणजे कोलोरॅडोचे पत्र आल्यावर सुमारे पंधरवड्याने. या तीन घाण्यांच्या सतरा हजारांहून अधिक कुप्या तेवीस राज्यांत गेल्या. त्यांत बुरशी होती. सुमारे चौदा हजार लोकांस ते औषध टोचले गेले. त्यांत बहुतेक पाठदुखीने गांजलेली, वयस्क, साधी माणसे होती; बरे वाटेल या आशेने ती डॉक्टरांकडे गेली होती.

सप्टेंबराच्या मध्यास टेनेसी राज्यातील एका डॉक्टरबाईंस आपल्या एका रोग्याच्या मेंदूच्या आवरणास बुरशीने सूज आल्याचे आढळले. असा विकार सहसा होत नाही. त्यांनी तो केवळ एक विचित्र रोगी म्हणून सोडून न देता लागलीच राज्याच्या आरोग्य खात्यास कळविला. खात्यानेही ते कळविणे बाजूस न ठेवता त्याच दिवसांत शोध सुरू केला. थोड्याच दिवसांत धागा फ्रेमिंगहॅमपर्यंत पोहोचला, आणि २६ सप्टेंबर रोजी ते तीन घाणे परत मागविण्यात आले. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. एकंदर साडेसातशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक मरण पावले. पुढे तपासनीस त्या संस्थेत गेले तेव्हा परत आलेल्या काही कुप्यांत नुसत्या डोळ्यांस दिसतील असे काळे कण तरंगत होते. औषध निर्जंतुक असल्याच्या परीक्षेचा निकाल येण्यापूर्वीच माल बाहेर धाडला जात होता. आणि स्वच्छ म्हणविल्या जाणाऱ्या खोलीच्या शेजारी गळका बॉयलर होता. दार उघडून आत पाहणाऱ्यास हे सारे दिसले असते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने कोलोरॅडोच्या पत्राची हकीकत जाहीर केली. चौकशीचा हुकूम देणे ही संचालकाची जबाबदारी होती व ती त्याने पाळली नाही, असे सांगून त्यास पदावरून दूर करण्यात आले.

येथे आम्हांस न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. मृत्यूंचा पहिला दोष ज्यांनी औषध केले त्यांचा. त्या संस्थेचा मालक व तिचा मुख्य औषधनिर्माता यांस २०१७ साली न्यायालयाने फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरविले, आणि पुढे त्यांस तुरुंगवास झाला. शिवाय फार्मसी कोठे संपते व कारखाना कोठे सुरू होतो याविषयी कायदाच संदिग्ध होता, व मध्यवर्ती प्रशासन आणि राज्याचे मंडळ या दोहोंनी वर्षानुवर्षे एकमेकांकडे बोट दाखविले होते. ते पत्र येण्यापूर्वीच दोन घाणे निघून गेले होते; म्हणून जुलैत चौकशी झाली असती तर सर्व लोक वाचले असते, असे कोणासही म्हणता येणार नाही. परंतु काही वाचले नसते, असे तरी कोण म्हणेल? ऑगस्टातील घाणा तेव्हा अजून निघावयाचा होता. विचारी मनुष्यास रात्री जागे ठेवील तो हाच प्रश्न.

त्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली, असा आरोप त्या वेळी झाला नाही. त्याने कागद पुढे सरकविला व मनात म्हटले असेल की आपले काम झाले. ही चूक आम्हांस फार ओळखीची वाटते. कागद हातावेगळा करणे आणि काम हातावेगळे करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. वकिलाकडे पाठविलेला कागद त्याच्याकडून परत आला काय, हे आठ दिवसांनी विचारणे, एवढेच उरले होते.

या अनर्थानंतर व्यवस्था सुधारली. मॅसॅच्युसेट्समध्ये निर्जंतुक औषधे तयार करणाऱ्या फार्मसींवर आगाऊ सूचना न देता तपासनीस जाऊ लागले, आणि २०१४ साली त्या राज्याने यासंबंधी नवा कायदा केला. त्यापूर्वी २०१३ च्या नोव्हेंबरात देशाच्या विधिमंडळाचा कायदा होऊन, मोठ्या प्रमाणावर अशी औषधे करणाऱ्या संस्थांकरिता मध्यवर्ती प्रशासनाच्या देखरेखीखाली एक निराळा वर्ग ठरविण्यात आला. कायद्यातील भोक बुजले, हे चांगलेच झाले. पण पत्र उघडणारा हात शेवटी माणसाचाच असतो, आणि त्यास जागे ठेवण्याचे काम कोणत्याही कायद्यास पुरतेपणी साधत नाही.

हे लिहीत असता आम्हांस आमच्याच एका अपराधाचे स्मरण होते, आणि ते लपविणे बरे नव्हे. आम्ही शिक्षकाच्या पेशात नवखे होतो त्या काळची गोष्ट. एका पालकांनी चिठ्ठी धाडली की मुलास फळ्यावरील अक्षरे नीट दिसत नाहीत, त्यास पुढे बसवावे. तपासणीच्या वह्यांत ती चिठ्ठी आम्ही ठेवली आणि विसरलो. मुलगा स्वभावाने भिडस्त. तो काही बोलला नाही. सहामाहीत तो गणितात नापास झाला, आणि आम्ही त्यास सर्वांदेखत आळशी म्हटले. नाताळच्या सुटीत वह्यांचा गठ्ठा आवरताना चिठ्ठी सापडली. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या वडिलांनी आम्हांस चहा पाजला आणि एक अक्षरही कठोर बोलले नाहीत. मुलास चष्मा मिळाला, तो पुढे उत्तीर्णही झाला. तथापि त्या सहा महिन्यांत "मी मठ्ठ आहे" असे त्या लेकरास जे वाटले असेल, ते आम्हांस परत घेता येत नाही. तेव्हापासून आमच्या मेजावर एक लहान वही असते. आलेली प्रत्येक चिठ्ठी तीत तारखेनिशी लिहावयाची, आणि तिचे काम पुरे झाल्यावाचून तिच्यावर रेघ ओढावयाची नाही.

यावरून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? तुमच्यापैकी ज्यांस या शास्त्राची आवड असेल, त्यांनी बारावीस विज्ञान घेऊन दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घ्यावी, आणि राज्याच्या परिषदेत रीतसर नाव नोंदवावे. नाव नोंदले गेले म्हणजे ते जपावे. आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर टांगण्यास देऊन स्वतः घरी बसणारे लोक आढळतात; तसे करणारा मनुष्य आपले नाव विकतो, आणि त्या नावावर विसंबून येणाऱ्या रोग्यास फसवितो. आणि ज्यांस पुढे कचेरीत बसण्याचा योग येईल, त्यांनी आपल्या कामास खर्डेघाशी म्हणून कमी लेखू नये. नोंदवहीतील एकेक ओळ म्हणजे कोणाची तरी उपजीविका असते, आणि कोणाचा तरी जीवही.

पालकांसही दोन शब्द. औषध घ्यावयास मुलास धाडण्यापूर्वी आपले दुकान एकदा स्वतः पाहून ठेवावे. दुकानाचा परवाना दर्शनी जागी लावलेला असावा लागतो, तो वाचावा. नोंदलेले औषधनिर्माते हजर आहेत काय, असे सभ्यपणे विचारावे. सचोटीच्या दुकानदारास या प्रश्नाचा राग येत नाही. पावती घ्यावी व औषध संपेपर्यंत ती जपून ठेवावी. काही वावगे आढळले तर चार शेजाऱ्यांपाशी कुरकुर करून थांबू नये. तारीख, दुकानाचे नाव व घडलेली हकीकत स्वच्छ अक्षरांत लिहून संबंधित कचेरीस कळवावी, आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहावे. टेनेसीतील त्या बाईंनी एक रोगी पाहून लागलीच कळविले, म्हणून शोध इतक्या लवकर लागला.

आमच्या त्या विद्यार्थ्याने विचारले होते, की जो ठरवितो त्याने आपले काम चोख केले नाही तर काय होते. त्याचे उत्तर इतके दिवस आमच्याकडे राहिले होते. ते आता पोहोचते झाले. उद्या त्याचे स्वतःचे नाव त्या नोंदवहीत चढेल, आणि कदाचित पुढे केव्हा तरी ती वहीच त्याच्या हाती येईल. तसे झाले तर दिवसाअखेर कचेरीचे दार ओढून घेण्यापूर्वी त्याने मेजाकडे एकदा वळून पाहावे, आणि एखादे पत्र उघडावयाचे राहिले असेल तर परत बसून ते उघडावे, अशी आमची इच्छा आहे.